धावपट्टी जवळ होती, तरी विमान का पडलं? फ्रेकल्टन, २३ ऑगस्ट १९४४

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या फ्रेकल्टन गावावर भर वादळात एक अमेरिकन बॉम्बर कोसळलं आणि शाळेतली लहान मुलं गेली. विमानतळ गावाला लागूनच होता आणि शत्रूचा त्यात काही संबंध नव्हता. मग विमान पडलं कसं? चूक वैमानिकाची होती का? आणि त्याच्याबरोबर उडालेलं दुसरं विमान कसं वाचलं?

मी तीसहून जास्त वर्षं विमानतळांच्या हवामान कक्षांत काम केलं. उड्डाणाआधी वैमानिकांना पुढचं हवामान समजावून सांगायचं आणि वादळ येताना दिसलं की टॉवरला इशारा द्यायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर देतो ते वाऱ्याच्या बाजूने. या अपघाताचा अभ्यास मी नोकरीच्या सुरुवातीला केला होता आणि तो डोक्यातून कधी गेला नाही.

आधी त्या सकाळी काय घडलं ते सांगतो. फ्रेकल्टन हे लँकाशरमधलं, रिबल नदीच्या मुखाजवळचं गाव. त्याच्या पश्चिमेला वॉर्टनचा विमानतळ. तिथे अमेरिकन हवाई दलाचा बेस एअर डेपो क्रमांक २ होता. लढाईवर जाणारी विमानं इथे यायची, त्यांच्यात फेरफार आणि दुरुस्त्या व्हायच्या, चाचणी उड्डाण व्हायचं आणि मग ती तुकड्यांकडे रवाना व्हायची. २३ ऑगस्टला सकाळी साडेदहाच्या सुमारास दोन बी-२४ लिबरेटर बॉम्बर अशाच चाचणीसाठी उडाली. एकाचे वैमानिक होते फर्स्ट लेफ्टनंट जॉन ब्लोमेंडाल, दुसऱ्याचे पीटर मनासेरो. लढाईच्या मोहिमेवर लिबरेटरमध्ये साधारण दहा माणसं असायची. ब्लोमेंडाल यांच्या विमानात त्या दिवशी तीनच होती.

ती उडाल्यावर थोड्याच वेळात जोरदार वादळ चालून येतंय हे लक्षात आलं आणि दोघांनाही परत बोलावण्यात आलं. पण विमानतळाजवळ येईपर्यंत पावसाने आणि वाऱ्याने समोरचं दिसणं फार कमी झालं होतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी ताशी ६० मैलांच्या आसपासचा वारा, रिबलच्या मुखात दिसलेले जलस्तंभ आणि साउथपोर्ट-ब्लॅकपूल भागात अचानक आलेला पूर यांची नोंद केली आहे. समुद्रावर जलस्तंभ आणि जमिनीवर पूर, म्हणजे ढग किती ताकदीचा होता याचा अंदाज माझ्या धंद्यातल्या माणसाला लगेच येतो.

दोन्ही विमानं पश्चिमेकडून, धावपट्टी ०८ च्या (म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेल्या धावपट्टीच्या) दिशेने येत होती. अगदी शेवटच्या क्षणी ब्लोमेंडाल यांनी टॉवरला कळवलं की उतरणं रद्द करतोय, वर जाऊन पुन्हा फेरी मारतो. त्यानंतर ते विमान दुसऱ्याच्या नजरेआड झालं. पश्चिमेकडून येऊन उतरणं रद्द केलं की विमान पुढे पूर्वेलाच जाणार आणि पूर्वेला गाव. विमान फार खाली होतं, पंख जवळजवळ उभे झाले होते. उजव्या पंखाचं टोक आधी झाडाच्या शेंड्याला लागलं, मग एका इमारतीच्या कोपऱ्यावर आदळून पंखच तुटला. सुमारे २५ टनांचं धड तसंच पुढे गेलं. तीन घरं पडली, अमेरिकन सैनिकांसाठी चालवलेलं ‘सॅड सॅक’ नावाचं उपाहारगृह उद्ध्वस्त झालं आणि लिथम रोड ओलांडून विमानाने पेट घेतला. एक भाग होली ट्रिनिटी शाळेच्या बालवर्गावर पडला. टाक्या फुटून पेट्रोल सगळीकडे पसरलं होतं. शाळेत ३८ मुलं आणि ६ मोठी माणसं गेली, उपाहारगृहात १४ जण, विमानातले तिघे. एकूण ६१. वर्गातलं घड्याळ १० वाजून ४७ मिनिटांनी थांबलं. शाळेचं नवं सत्र आदल्याच दिवशी सुरू झालं होतं.

साडेदहा ते पावणेअकरा. उडून, बोलावणं येऊन, परत येऊन संपलं ते सगळं एवढ्या वेळात. वादळाचा अंदाज देणाऱ्या माणसाला या पंधरा-सतरा मिनिटांचं महत्त्व कळतं, कारण गडगडाटी ढगाचं वागणंही याच हिशेबाने बदलतं. तो मिनिटामिनिटाला वेगळा असतो. उडताना जे आकाश पाहिलं ते उतरताना नसतं.

आता मूळ प्रश्न. लोकांना वाटतं वादळ विमानाला ढगात पकडून मोडून टाकतं, किंवा वीज पडते. असं होऊ शकतं, पण धावपट्टीजवळ होणारे अपघात बहुतेक वेळा वेगळ्या कारणाने होतात. गडगडाटी ढगात पाऊस आणि गारा खाली येऊ लागल्या की त्या आपल्याबरोबर हवाही ओढून आणतात. पावसाचे थेंब वाटेत सुकत जातात, त्यामुळे ती हवा गार आणि जड होते आणि अजून जोराने खाली येते. जमिनीला टेकली की तिला पुढे जायला वाव नसतो, म्हणून ती सगळ्या बाजूंना पसरते. बादलीभर पाणी फरशीवर ओतलं की जसं चहूकडे उडतं, तसंच. विमान जर त्या पसरणाऱ्या हवेतून आडवं जात असेल, तर त्याला आधी समोरून जोराचा वारा लागतो, मग वरून खाली दाबणारा झोत, आणि मग पाठीमागून वारा. हे सगळं काही सेकंदांत.

यातलं फसवं काय ते आकड्यांत सांगतो. हे आकडे निव्वळ उदाहरणादाखल आहेत, त्या विमानाचे नाहीत. समजा विमान उतरताना हवेच्या मानाने ताशी १२० मैल वेगाने चाललं आहे आणि समोरून ताशी ३० मैलांचा वारा आहे. जमिनीच्या मानाने त्याचा वेग झाला ९०. आता तो वारा काही सेकंदांत नाहीसा होऊन मागून २० मैलांचा झाला. एवढ्या जड विमानाचा जमिनीच्या मानाने असलेला वेग एवढ्यात बदलत नाही, तो ९० च राहतो. पण हवेच्या मानाने वेग आता फक्त ७०. पंखाला उचल देणारा वेग हाच, जमिनीवरचा नव्हे. बॉम्बर एवढ्या वेगात तरंगूच शकत नाही. हजारो फुटांवर असतं तर वैमानिक नाक खाली करून वेग परत मिळवतो. झाडांच्या उंचीवर नाक खाली करायला जागाच नसते.

आणखी एक गोष्ट, जी मला जास्त छळते. समोरचा वारा पहिल्यांदा लागतो तेव्हा विमान वर उचललं जातं, वेग वाढलेला दिसतो. वैमानिकाला वाटतं आपण जास्त वेगात, जास्त उंच येतोय. साहजिकच तो थ्रॉटल मागे घेतो, म्हणजे इंजिनांचा जोर कमी करतो. आणि नेमका तेव्हाच वारा उलटतो. चांगल्या सवयीनेच माणूस गोत्यात येतो. फ्रेकल्टनला असंच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण विमान पूर्ण जळालं आणि पुरावाच उरला नाही. पण जे नोंदलं गेलं आहे, ते या चित्राशी जुळतं.

त्यात उतरणं रद्द करून वर जायचं. त्या वेळी चाकं खाली असतात, फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखांमागच्या झडपा) सोडलेले असतात, वेग कमी असतो. चाकं वर घ्यायची, फ्लॅप हळूहळू आत घ्यायचे, चार इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा आणि वेग वाढेपर्यंत वळायचं नाही. लिबरेटरचा पंख लांबलचक आणि निमुळता, टोकापासून टोकापर्यंत ११० फूट. लांबच्या उड्डाणासाठी तो उत्तम होता, म्हणूनच हे विमान अटलांटिकवर पाणबुड्यांच्या शोधात एवढं उपयोगी पडलं. पण कमी वेगात ते चालवायला जड होतं, सुकाणू हलवायला वैमानिकाला अंगातला जोर लावावा लागायचा. विमान वळणात तिरकं झालं की ते तोलून धरायला जास्त वेग लागतो. ६० अंश कललं तर साधारण ४० टक्के जास्त. इथे पंख जवळजवळ उभे झाले होते. त्या क्षणानंतर वैमानिकाच्या हातात काही राहिलं नव्हतं, असं मला वाटतं.

तर मग चूक कोणाची? अमेरिकन चौकशीने म्हटलं की नेमकं कारण सांगता येत नाही, पण वादळ किती धोकादायक आहे हे वैमानिकाच्या पूर्ण लक्षात आलं तोवर तो उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात होता, आणि तेव्हा वाऱ्याच्या झोतांतून सावरायला ना उंची उरली होती, ना वेग. विमानाचा एखादा भाग हवेतच तुटला असण्याची शक्यताही त्यांनी नाकारली नाही. अहवालात अजून एक नोंद आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये येणाऱ्या बऱ्याच अमेरिकन वैमानिकांचा समज होता की इथली वादळं म्हणजे फार तर पावसाच्या सरी. म्हणून अमेरिकेत शिकलेल्या सगळ्या वैमानिकांना ब्रिटिश वादळांच्या धोक्याबद्दल ठासून सांगावं, अशी शिफारस केली गेली.

हा समज कुठून आला असेल ते मला कळतं. जो मैदानी प्रदेशातली, क्षितिजभर पसरलेली राक्षसी वादळं पाहून आला आहे, त्याला इंग्लंडचं ढगाळ, रोजचं भुरभुरतं आकाश मवाळच वाटणार. त्यात ढगांच्या थरांमुळे मोठं वादळ लांबून दिसतही नाही, ते करड्या पडद्याआड लपून येतं. माझ्याकडेही असे वैमानिक यायचे, जे एका भागात दहा वर्षं उडालेले असायचे आणि नव्या भागातल्या ढगाला जुन्या मापाने मोजायचे. त्यांना मी आकडे सांगायचो नाही. जुन्या नोंदींमधला वाऱ्याचा कागद काढून समोर ठेवायचो.

पण निष्काळजीपणा म्हणून मी हे ब्लोमेंडाल यांच्या खात्यावर लिहिणार नाही. कारण १९४४ साली जगात कोणालाच हे नीट माहीत नव्हतं. गडगडाटी वादळाच्या आतली रचना पहिल्यांदा पद्धतशीर मोजली गेली ती युद्ध संपल्यावर. १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत अमेरिकेच्या हवामान खात्याने सैन्यदलांना बरोबर घेऊन ‘थंडरस्टॉर्म प्रोजेक्ट’ केला. प्रमुख होते शिकागो विद्यापीठाचे होरेस बायर्स. युद्धात रात्रीच्या लढाईसाठी बनवलेली पी-६१ ब्लॅक विडो विमानं त्यांनी वेगवेगळ्या उंचीवर एकावर एक लावली आणि मुद्दाम वादळांत घुसवली, हजाराहून जास्त वेळा. ढग आधी वाढतो, मग त्यात चढता आणि उतरता वारा एकाच वेळी असतो, मग उतरता वाराच उरतो, हे तीन टप्पे तिथून आले. आज शिकाऊ वैमानिकांना शिकवतात ते हेच.

तरीही जमिनीलगतचा तो झोत किती छोटा आणि किती घातक असू शकतो, हे लोकांच्या गळी उतरायला आणखी तीस वर्षं लागली. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं बोइंग ७२७ वादळात धावपट्टीच्या अलीकडेच पडलं. ११३ माणसं गेली. त्याचा अभ्यास शिकागोचे हवामानशास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी केला आणि ‘डाउनबर्स्ट’ ही, म्हणजे वादळातून जमिनीवर आदळून चहूकडे पसरणाऱ्या झोताची, कल्पना मांडली. सुरुवातीला पुष्कळ तज्ज्ञांनी ती मानली नाही. फुजितांनी तरुणपणी, १९४५ साली, नागासाकीच्या अणुबॉम्बच्या जागेची पाहणी केली होती. वरून आलेल्या दाबाने झाडं मध्यापासून चहूकडे कशी आडवी होतात, ते त्यांनी तिथे पाहिलं होतं. पुढे वादळानंतरच्या जंगलांचे हवाई फोटो पाहताना तशीच चांदणीसारखी पडझड त्यांना ओळखू आली. रडारचा खास वापर, विमानतळाभोवती वारा मोजणारे खांब, कॉकपिटमधला विंड शिअरचा (वारा अचानक बदलण्याचा) इशारा, हे सगळं त्यानंतर, मुख्यतः ऐंशीच्या दशकात आणि पुढे आलं.

१९४४ च्या टॉवरमध्ये यातलं काय होतं? विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी), वारा मोजायचं एक यंत्र, टेलिफोन आणि डोळे. रडार होतं, पण ते शत्रूची विमानं शोधायला. पडद्यावर पाऊस दिसला की तो ऑपरेटरला अडथळा वाटायचा. शिवाय युद्धात हवामान ही गुप्त माहिती होती. ब्रिटनमध्ये रेडिओवरचे आणि वर्तमानपत्रांतले अंदाज युद्ध सुरू होताच बंद झाले होते. वैमानिकांना अर्थात अंदाज मिळायचे, पण अर्ध्या तासात तयार होणारं वादळ त्या काळच्या नकाशात बसतच नव्हतं.

आता परत बोलावण्याबद्दल. हा निर्णय चुकीचा होता का, असं बरेच जण विचारतात. त्या काळच्या हिशेबाने तो बरोबर होता: वादळ येतंय, विमानं खाली घ्या, सुरक्षित करा. माणसाची नैसर्गिक ओढच ती आहे. वादळ आलं की घर गाठायचं. विमानाच्या बाबतीत मात्र हे उलटं असतं. वादळ धावपट्टीवर असेल तर सगळ्यात वाईट जागा म्हणजे शेवटचे दोनतीनशे फूट, आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे दूरचं मोकळं आकाश. ज्याच्याकडे इंधन आहे त्याला घाई नसते. चाचणीला नुकतंच उडालेल्या विमानाकडे तर इंधन असतंच.

ही ओढ किती जबर असते ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं. उन्हाळ्यातली संध्याकाळ होती, मी ड्युटीवर होतो. ढग अजून तीनचार मैलांवर, धावपट्टीवर ऊन. एक प्रवासी विमान उतरणीला लागलं होतं. खिडकीतून पाहिलं तर विंडसॉक मरगळून खांबाला चिकटली होती. मिनिटभर पानही हललं नाही. मग ओल्या मातीचा वास आला, आणि तोवर पाऊस कुठेच नव्हता. ती विंडसॉक एकदम उलट्या दिशेला ताठ आडवी झाली. वारा मोजायच्या यंत्रात कागदावर शाईची रेघ निवांत चालली होती, ती सरळ वर उडाली. आठ नॉटवरून (नॉट म्हणजे वाऱ्याचा वेग मोजायचं एकक) बेचाळीस. मी टॉवरचा फोन उचलला आणि आकडा आणि दिशा एवढंच सांगितलं. टॉवरने वैमानिकाला सांगितलं. तो दोन-अडीच मैलांवर होता, धावपट्टी त्याला स्वच्छ दिसत होती. क्षणभर उत्तर आलं नाही. मग तो वर गेला, लांब निघून गेला आणि पाऊण तासाने येऊन उतरला. नंतर तो कक्षात आला, घाम पुसत, आणि म्हणाला, “साहेब, तो कागद दाखवा.” मी दाखवला. त्याने त्या उभ्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. उतरायचं असं त्याने ठरवलंच होतं, हे त्याने मला मोकळेपणाने सांगितलं.

त्याला जो आकडा मिळाला तो ब्लोमेंडाल यांना मिळायची सोय नव्हती. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

जाता जाता, वादळातले सगळे अपघात एका मापाने मोजू नयेत. फ्रेकल्टननंतर तीनच महिन्यांनी, १४ नोव्हेंबर १९४४ ला, ब्रिटिश हवाई दलाचे एअर चीफ मार्शल ट्रॅफर्ड ली-मॅलरी यांचं यॉर्क विमान फ्रेंच आल्प्समध्ये डोंगराला धडकलं. ते दक्षिण-पूर्व आशियातल्या नव्या नेमणुकीवर निघाले होते, पत्नी बरोबर होत्या, विमानातले दहाही जण गेले. हवामान वाईट होतं आणि तरी निघायचा आग्रह त्यांनीच धरला, तो धरला नसता तर अपघात टळू शकला असता, असं चौकशीत निघालं. तिथे दोष जमिनीवर, उडण्याआधीच्या निर्णयात होता. त्याच वर्षी २४ मार्चला ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला लढणाऱ्या चिंडिट दलांचे सेनानी ऑर्ड विंगेट यांचं बी-२५ इंफाळहून लालाघाटकडे येताना मणिपूरच्या डोंगरात पडलं, तिथेही दहाजण गेले. त्याला सरसकट वादळाचा अपघात म्हणतात, पण त्याचं कारण कधीच सिद्ध झालेलं नाही. डोंगरात विमान सापडलं की वादळावर बोट ठेवणं सोपं असतं. फ्रेकल्टनला मात्र वादळ होतं याला अख्खा जिल्हा साक्षीदार आहे.

शेवटी दुसऱ्या विमानाबद्दल. पीटर मनासेरो त्याच वाऱ्यात, त्याच पावसात, त्याच धावपट्टीकडे येत होते. उतरणं रद्द झाल्यावर त्यांनी विमान उत्तरेकडे वळवलं आणि वादळातून बाहेर काढलं. ते वाचले ते जास्त हुशार होते म्हणून, असं मी म्हणणार नाही. वाऱ्याचा झोत काहीशे फूट इकडे-तिकडे असला तरी एका विमानाला लागतो आणि दुसऱ्याला नाही. पण मोकळ्या आकाशाकडे जायला त्यांना उंची आणि वेग मिळाला, आणि त्यांनी ते वापरले. धावपट्टीजवळच्या त्या शेवटच्या मिनिटांबद्दल चौकशी मंडळाला जे कळलं, त्यातलं बरंचसं त्यांच्या जबानीतून कळलं. ब्लोमेंडाल यांच्या विमानातून सांगायला कोणी उरलं नव्हतं.